दोन वर्षांची एमसीए, शेतकरी कुटुंबाच्या हिशेबाने

एमसीए, म्हणजे संगणक उपयोजन या विषयातील पदव्युत्तर पदवी, हा अभ्यासक्रम पूर्वी तीन वर्षांचा होता. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२०-२१ या शैक्षणिक वर्षापासून तो दोन वर्षांचा केला. मात्र बीसीए झालेल्यांना जुन्या रचनेतही थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत असल्यामुळे त्यांच्यासाठी फारसे काही बदलले नाही. खरे वर्ष वाचले ते गणित घेऊन इतर शाखांत पदवी मिळवणाऱ्यांचे, आणि त्याच्या बदल्यात प्रोग्रॅमिंगचा पाया सेतू अभ्यासक्रमातून, धावपळीतच पक्का करण्याची जबाबदारीही त्यांच्यावर आली.

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या गावातून या पदवीकडे पाहिले, तर माहितीपुस्तिकेत छापलेली फी हा खर्चाचा केवळ एक भाग ठरतो. उदाहरणादाखल वर्षाची फी ८०,००० रुपये आणि पुण्यातील खोली, मेस व प्रवास मिळून महिन्याला १०,००० रुपये धरले, तर दोन वर्षांचा उघड खर्च ४ लाखांवर जातो. त्यात अर्थशास्त्र ज्याला संधीखर्च म्हणते तो, म्हणजे शिकत असल्यामुळे न कमावलेला पैसा, मिळवावा लागतो: तालुक्याच्या पतसंस्थेत किंवा सेवा केंद्रात संगणक चालवून पदवीधराला महिन्याला १२,००० मिळाले असते असे मानल्यास २४ महिन्यांचे २,८८,००० होतात आणि एकूण आकडा ६,८८,००० वर पोहोचतो. जिथे असे कामही मिळत नाही, तिथे हा छुपा खर्च जवळजवळ नाहीसा होतो आणि शिकणे तुलनेने स्वस्त पडते, ही बाब ग्रामीण विद्यार्थ्याच्या बाजूची आहे.

परतावा मोजताना सर्वांत मोठी गफलत पहिल्या पगाराच्या आकड्यावरून होते. मोठ्या भारतीय माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांतील नवख्यांचा सर्वसाधारण वार्षिक पगार गेले दशकभर साधारण साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळला आहे. हातात येणारी रक्कम महिन्याला २५,००० धरली, तर गावातील १२,००० च्या तुलनेत ती दुपटीहून अधिक दिसते. पण गावात राहणाऱ्याचे घरभाडे व जेवण घरातच भागते, तर पुण्यात नोकरी करणाऱ्याचे किमान १२,००० राहण्या-खाण्यातच जातात. शिक्षणासाठी ४ लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने काढून सात वर्षांत फेडायचे असेल, तर दरमहा सुमारे ६,६४० रुपयांचा हप्ता पडतो आणि हाती ६,३६० उरतात. सुरुवातीच्या काळात ही पदवी घरी पैसा पाठवण्याचे साधन होत नाही. तिची भरपाई तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतरच्या पगारवाढीतून होते, आणि गावातल्या नोकरीत तशी वाढ सहसा नसते. म्हणून ज्या कुटुंबाला पहिल्या महिन्यापासून मुलाच्या पगाराची गरज आहे, त्याने हा धोका पूर्ण ओळखूनच निर्णय घ्यावा.

पैसा किती लागतो याइतकेच तो केव्हा लागतो, हेही महत्त्वाचे असते. प्रवेशफेऱ्या सहसा जुलै ते सप्टेंबर या काळात चालतात, तर सोयाबीन ऑक्टोबरच्या सुमारास घरी येते आणि कापसाची वेचणी त्यापुढे लांबते. म्हणजे बियाणे-खतात पैसा अडकून घर सर्वांत रिकामे असते, तेव्हाच फी आणि खोलीची अनामत भरावी लागते. या नेमक्या वेळी घेतलेले सावकारी कर्ज संपूर्ण हिशेब बिघडवू शकते.

शासकीय योजनांनी हा भार बराच हलका होतो. २०२४-२५ पासून कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या पात्र विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. वरच्या उदाहरणातील राहण्याच्या खर्चाचा तो निम्मा भाग आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास शुल्कमाफीचा हा हक्क सुटतो, ही गोष्ट पालकांना अनेकदा उशिरा कळते. खर्च कमी करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे पुण्याऐवजी नांदेड किंवा अमरावतीसारख्या शहरात शिकणे. महिन्याला ४,००० जरी वाचले, तरी दोन वर्षांत ९६,००० वाचतात. कॅम्पसवर मुलाखतींसाठी येणाऱ्या कंपन्या तिथे कमी असतात, हे त्या बचतीचे मोल.

बाजारही पूर्वीसारखा राहिलेला नाही. टीसीएसने २०२५ मध्ये सुमारे १२,००० पदे कमी करण्याचे जाहीर केले आणि सोपा कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने नवख्यांच्याच कामावर आधी परिणाम करत आहेत. त्यामुळे बीसीएनंतर प्रत्यक्ष प्रोग्रॅमिंगची नोकरी हाती असलेल्याने ती सोडून एमसीएला जाणे सहसा तोट्याचे ठरेल. याला एक ठोस अपवाद आहे: सरकारी बँकांतील आयटी अधिकारी पदासाठी चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी किंवा संगणक विषयातील पदव्युत्तर पदवी लागते, केवळ तीन वर्षांची बीसीए सहसा पुरत नाही. गणितासह बीएस्सी किंवा बीकॉम झालेल्या, योजनेचा लाभ मिळणाऱ्या आणि महाविद्यालयातून आधीच्या तुकडीत बाहेर पडलेल्यांशी बोलून नोकऱ्यांची खरी स्थिती पडताळलेल्या विद्यार्थ्यासाठी मात्र ही दोन वर्षे आजही घेण्याजोगी आहेत.