वॅट वाढवून झाडं वाढत नाहीत

"झाडं वाढत नाहीत? मग लाइट कमी पडतोय." माशांच्या दुकानात जा किंवा प्लांटेड टँक ठेवणाऱ्यांच्या गप्पा ऐका, हा सल्ला सगळ्यात आधी येतो. पाठोपाठ हिशेब येतो: लिटरमागे अर्धा वॅट, झाडं नाजूक असतील तर एक वॅट. मग दोन फुटी टँकवर पन्नास वॅटची एलईडी पट्टी चढते आणि काही आठवड्यांत काच हिरवी होते. त्यावर पुन्हा सल्ला, "ही पट्टी काढा, प्लांटवाली लावा." नवख्यांचे पैसे या एका समजुतीपायी वाया जातात आणि बरेचजण कंटाळून झाडांचा नादच सोडतात. हे थांबायला हवं.

वॅटचा हा हिशेब अमेरिकी हौशी मंडळींकडून आला. तिकडे गॅलनमागे दोन ते तीन वॅट म्हणत. तेव्हा सगळ्यांच्या टँकवर साधारण एकाच जातीच्या फ्लुरोसंट ट्यूब असल्यामुळे तो ढोबळमानाने चालूनही जाई. पण वॅट म्हणजे दिवा खातो ती वीज; तो देतो तो प्रकाश नव्हे. घरातली ३६ वॅटची ट्यूब काढून २० वॅटची एलईडी ट्यूब लावली तरी खोलीत अंधार झाला नाही, हे प्रत्येकाने पाहिलं आहे. ट्यूबचा प्रकाश चहूकडे फेकला जातो, त्यातला बराचसा झाकणातच मुरतो. एलईडीचा थेट खाली उतरतो. शिवाय बारा इंच उंचीच्या टँकच्या तळाशी पोचणारा प्रकाश आणि वीस इंची टँकच्या तळाशी पोचणारा प्रकाश यांत मोठी तफावत असते. लिटरच्या हिशेबात या कशालाच जागा नाही.

झाडाच्या कामाचा असतो तो ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश. त्याला पीएआर म्हणतात, आणि तो मोजताना एका चौरस मीटरवर एका सेकंदाला किती मायक्रोमोल फोटॉन पडले हे सांगतात. अ‍ॅनुबियस, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन यांना तळाशी १५ ते ३० मायक्रोमोल पुरतात. दक्षिण सह्याद्रीतून जगभर गेलेल्या रोटाला मॅक्रांड्रासारख्या लाल झाडांना ५० च्या वर लागतात. पट्टीच्या खोक्यावर नुसते वॅट छापलेले असतील, तर त्यावरून झाडाला काय मिळणार हे कळत नाही.

समजा, प्रकाश भरपूर मिळाला. मग तरी झाडं वाढतील का?

शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत हायड्रिलाचा प्रयोग बहुतेकांनी पाहिलेला असतो. चंचुपात्रात हायड्रिलाच्या फांद्या, त्यांवर पालथं नरसाळं, नरसाळ्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. दिवा जवळ आणला की देठाच्या कापलेल्या टोकातून बुडबुडे सुटू लागतात. आणखी जवळ आणला की वेग वाढतो. पण एका टप्प्यानंतर दिवा कितीही पुढे सरकवला तरी बुडबुडे तेवढेच येतात. अशा वेळी पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला, तर वेग पुन्हा वाढतो, कारण सोड्यातून हायड्रिलाला कार्बन मिळतो. प्रकाशसंश्लेषणाचा वेग सगळ्यात तोकडा पडणारा घटक ठरवतो, हे इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञ एफ. एफ. ब्लॅकमन यांनी १९०५ मध्येच मांडलं. आपल्याकडे हा प्रयोग मार्कांसाठी पाठ होतो आणि टँकपुढे उभं राहिलं की नेमका विसरला जातो.

घरच्या टँकमध्ये तोकडा पडतो तो बहुतेक वेळा कार्बन. २५ अंश सेल्सिअसच्या साध्या पाण्यात हवेतून विरघळलेला कार्बन डायऑक्साइड लिटरला जेमतेम अर्धा ते एक मिलिग्रॅम असतो. सिलिंडर लावणारे हौशी लोक तो २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. त्यातच हा वायू हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. दाट झाडांच्या टँकवर प्रखर दिवा लागला की असलेला साठा काही तासांतच संपतो आणि उरलेला दिवस झाडं उपाशी राहतात. हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन काढू शकतात, म्हणून त्या कशाही टँकमध्ये तगतात. शेवाळाच्या अनेक जातींनाही ते जमतं. शोभेच्या कितीतरी झाडांना, विशेषतः मॉसना, ते जमत नाही.

याचा परिणाम पाहायचा तर अ‍ॅनुबियसचं पान जवळून पाहावं. आफ्रिकेतल्या जंगलांत ओढ्यांच्या काठी, सावलीत वाढणारं हे झाड. नवं पान काढायलाच ते आठवडे घेतं. प्रखर पट्टीखाली ठेवलं की आधी त्या जाड, गडद पानावर हिरवे ठिपके उमटतात. बोटाने घासून ते निघत नाहीत, नखाने खरवडावे लागतात. मग पानाच्या कडेला काळपट, केसाळ झुबके धरतात. झाडाला मिळणारा जादा प्रकाश त्याच्या उपयोगी पडत नाही, शेवाळाच्या पडतो. आणि दुकानदार सांगतो, लाइट कमी आहे!

उलट बाजूनेही याला पुरावा आहे. डेन्मार्कमध्ये ट्रोएल्स अँडरसन आणि ओले पेडरसन यांनी रिक्सिया फ्लुइटान्स ही तरंगती वनस्पती प्रकाश आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या वेगवेगळ्या प्रमाणांत वाढवून पाहिली. हा अभ्यास २००२ मध्ये 'हायड्रोबायोलॉजिया'त आला. मंद प्रकाशातही कार्बन डायऑक्साइड वाढवल्यावर वाढ सुधारली. दिव्याला हात न लावता झाडाची तब्येत सुधारते, याहून स्पष्ट उत्तर काय हवं?

मग तकाशी अमानोंचं काय, असं लगेच विचारलं जातं. प्लांटेड टँकला निसर्गचित्राचं रूप देणाऱ्या या जपानी छायाचित्रकाराच्या टँकवर जोरकस दिवे असत, हे खरं. पण सोबत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, द्रवखतं, ठरलेल्या वेळी पाणी बदलणं आणि सतत छाटणी हेही असे. फोटोत सिलिंडर दिसत नाही, दिवा दिसतो. लोक तेवढाच उचलतात.

गुलाबी-जांभळ्या 'प्लांट लाइट'चा मोहही असाच. पाठ्यपुस्तकात हरितद्रव्याचा आलेख असतो आणि त्यात निळ्या व लाल रंगाला उंच शिखरं, मधे हिरव्याला दरी. तो आलेख पानातून वेगळ्या काढलेल्या हरितद्रव्याचा आहे. के. जे. मॅक्री यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत २२ पिकांच्या सबंध पानांनी हिरवा प्रकाशही चांगला वापरलेला दिसतो. साडेसहा हजार केल्विनच्या आसपासची साधी पांढरी पट्टी पुरेशी आहे. गुलाबी प्रकाशात हिरवी झाडं काळवंडलेली दिसतात, एवढाच काय तो फरक डोळ्यांना जाणवेल.

फिल्टर निवडतानाही कार्बन आणि ऑक्सिजनचाच विचार करावा लागतो. "पाणी हललं की कार्बन उडून जातो, म्हणून फिल्टर मंद ठेवा," हे सिलिंडर असलेल्या टँकपुरतं खरं आहे. सिलिंडर नसेल, तर दुपारपर्यंत पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हवेशी असलेल्या समतोलाच्याही खाली गेलेला असतो. पृष्ठभाग हलला तर तो हवेतून आत येतो. अशा टँकला हँग-ऑन फिल्टरची धार किंवा स्पंज फिल्टरचे बुडबुडे फायद्याचेच.

रात्री फिल्टर बंद करणं ही मात्र चूकच, आणि ती घरोघरी होते. कारण आवाजाचं किंवा विजेचं दिलं जातं. दिवा विझला की झाडं ऑक्सिजन सोडणं थांबवतात, पण घेत राहतात. मासे आणि जिवाणूही घेतात. पहाटे पाण्यात ऑक्सिजन सर्वात कमी असतो. बरोबर त्याच वेळी पाणी हलतं ठेवणारं एकमेव यंत्र बंद ठेवायचं आणि सकाळी तोंड वर काढून धापा टाकणारे मासे पाहून पाण्याला दोष द्यायचा, हे मनाला लागतं.

फिल्टर नळाखाली लख्ख धुणं हेही तसंच. स्पंजमधला तपकिरी गाळ नुसती घाण नसते. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू तिथेच राहतात. २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये अमोनियाचं नायट्रेट एकट्याने करणाऱ्या नायट्रोस्पायरा जिवाणूंचा शोध प्रसिद्ध झाला, तो मत्स्यपालन केंद्राच्या फिल्टरमधल्या नमुन्यातून. नगरपालिकेच्या क्लोरीनयुक्त पाण्याने ही वस्ती धुऊन निघते. स्पंज टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोन-तीनदा पिळावा, पाणी गढूळ झालं की पुरे.

मोठा कॅनिस्टर फिल्टर हवाच, असंही नाही. डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ च्या 'इकॉलॉजी ऑफ द प्लांटेड अ‍ॅक्वेरियम' या पुस्तकात दाखवून दिलं, की पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी उचलतात. म्हणजे दाट झाडं स्वतःच फिल्टरचं काम करतात. फिल्टरने पाण्याला एवढी गती द्यावी की कोपऱ्यांतली पानंही किंचित डोलतील; ताशी दहापट पाणी फिरायलाच हवं हा नियम कुठून आला, ते सांगणारा भेटत नाही.

उरलेल्या समजुती थोडक्यात. फिल्टर असला तरी पाणी बदलावं लागतं. नायट्रेट त्यात साठत जातं. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन कायम ठेवायची गरज नाही, औषध दिल्यावर ते काढून टाकण्यापुरता तो कामाचा. बारा तास दिवा लावल्याने झाडं दुप्पट वाढत नाहीत. नव्या टँकला सहा तास पुरतात, तेही टाइमर लावून.

साठेक लिटरच्या दोन फुटी टँकला, सिलिंडर नसेल तर, उजेड कमी-जास्त करता येणारी पांढरी एलईडी पट्टी आणि एक स्पंज किंवा हँग-ऑन फिल्टर एवढं पुरे. उरलेल्या पैशांत झाडं घ्यावीत, पहिल्याच दिवशी दाट लावावीत. वीज जाणाऱ्या गावांत बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असावा. कॅनिस्टर असेल आणि वीज बरेच तास गेली असेल, तर तो पुन्हा चालू करण्याआधी उघडून आतलं कोंडलेलं पाणी ओतून द्यावं, कारण ऑक्सिजन संपून सडलेलं ते पाणी थेट माशांच्या अंगावर जातं.