पेशीला पुढचं टोक कसं सापडतं?

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी १९५०च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखालची एक छोटी फिल्म टिपली. तांबड्या पेशींच्या गर्दीतून न्यूट्रोफिल नावाची एक पांढरी पेशी जिवाणूच्या मागे धावते आहे. तो वळला की तीही वळते आणि शेवटी त्याला गिळते. कितीदाही पाहिलं तरी थक्क व्हायला होतं. डोळे नाहीत, मेंदू नाही, मग हा पाठलाग होतो कसा?

माग रसायनाचा असतो. जिवाणूंची प्रथिनं फॉर्मिल-मेथिओनिननं सुरू होतात. आपल्या शरीरात तसं फक्त मायटोकाँड्रियांत घडतं. त्यामुळे अशा प्रथिनांचे तुकडे आले, की संसर्ग किंवा जखम जवळ आहे हे पेशीला कळतं. पण कुठल्या बाजूला? पेशीची लांबी जेमतेम १० ते १५ मायक्रोमीटर. तिच्या दोन टोकांशी रसायनाच्या प्रमाणात एक-दोन टक्क्यांचाच फरक असला, तरी तिला दिशा सापडते. आणि हे रसायन ओळखणारे रिसेप्टर तिच्या पृष्ठभागावर सगळीकडे जवळपास सारखेच पसरलेले असतात!

म्हणजे दिशा ठरते ती आत. जिथे संकेत किंचित जास्त, तिथे रॅक हे प्रथिन जागं होतं, ॲक्टिनचे धागे भराभर वाढतात आणि पेशीचं आवरण पुढे ढकलतात. मागच्या बाजूला रो हे प्रथिन मायोसिन या दुसऱ्या प्रथिनाकडून आकुंचन घडवतं, आणि शेपूट ओढली जाते. पुढची यंत्रणा मागचीला दाबते, मागची पुढचीला. त्यामुळे इवलासा फरक ठळक होतो.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की एकाच वेळी दोन तोंडं फुटत नाहीत. फुटली असती तर पेशी जागच्या जागी ताणली गेली असती. पुढचं टोक वाढताना सगळं आवरण ताणलं जातं आणि तोच ताण इतरत्र नवं टोक फुटू देत नाही. प्रयोगात बारीक नळीनं आवरण ओढून ताण वाढवला, तेव्हा आधीचं टोकही मंदावलं. रसायनाचा उगम मागे नेला, तर धावती न्यूट्रोफिल बहुधा उलटी चालू लागत नाही. तोंड तेच ठेवून वळसा घेते.

ही यंत्रणा बिघडूही शकते. ॲक्टिनला फांद्या फोडायला लावणाऱ्या प्रथिनांपैकी एकाच्या जनुकात दोष असला, तर विस्कॉट-ऑल्ड्रिच हा आजार होतो, मुख्यतः मुलग्यांना. त्यांच्या प्रतिकारपेशींची हालचाल बिघडते आणि संसर्ग वारंवार होत राहतात.