हेलिकॉप्टरमधून थेट एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये

अमेरिकेच्या लष्करातले बहुतांश वैमानिक हेलिकॉप्टरचे. निवृत्तीनंतर त्यातले बरेच जण एअरलाइनकडे वळतात. हा बदल वाटतो तितका सोपा नाही, पण अशक्यही नाही!

🚁 सवयी बदलाव्या लागतात. हेलिकॉप्टरचा कॅप्टन सहसा उजवीकडे बसतो, विमानाचा डावीकडे. हेलिकॉप्टरमध्ये डाव्या हाताने कलेक्टिव्ह नावाचा दांडा वर ओढला की यंत्र उचललं जातं. इंजिन बंद पडलं तर तोच झटकन खाली करायचा. विमानात अशा वेळी नाक खाली ठेवून वेग सांभाळायचा. हेलिकॉप्टर आधी हवेत थांबतं, मग उतरतं. विमान आधी उतरतं, मग थांबतं.

✈️ तासांचं गणित: अमेरिकेत एअरलाइनच्या लायसन्ससाठी साधारण 1500 तास लागतात. लष्करी वैमानिकांना मर्यादित लायसन्स 750 तासांवर मिळू शकतं आणि एकूण तासांत हेलिकॉप्टरचे तासही धरले जातात. खरी अडचण पुढे आहे: विमानातले 250 तास स्वतः कमांडमध्ये उडवलेले हवेत. काही रीजनल एअरलाइन्सनी याच तासांसाठी आर्थिक मदतीच्या योजना काढल्या.

कुणी असा विचार करत असेल तर आधी लॉगबुक काढा आणि विमानाचे तास वेगळे मोजा. खर्चाचा अंदाज तिथूनच येतो.