पिस्टनच्या पोटातला तापमापक

कोल्हापूरच्या ओतकामाची गोष्ट सांगताना आपण भट्टीपाशी थांबतो. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे सुटे भाग बनू लागले, पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले असा फाउंड्र्यांचा पसारा वाढला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कास्टिंग मशिनवर चढलं, हार्डनेस तपासला, माल ट्रकमध्ये भरला की विषय मिटला. पण शिरोलीच्या मेनन पिस्टन्ससारख्या कारखान्यांत जो पिस्टन बनतो, त्याची परीक्षा नंतर सुरू होते. डिझेल इंजिनात पिस्टनचा माथा ३०० अंश सेल्सियसच्याही वर तापतो, आणि त्या घट्ट धातूच्या आत अणू हळूहळू जागा बदलत राहतात.

पिस्टनसाठी सर्रास वापरला जाणारा मिश्रधातू अ‍ॅल्युमिनियमचा. त्यात साधारण १२ टक्के सिलिकॉन आणि तांबं, मॅग्नेशियम, निकेल प्रत्येकी एखादा टक्का. हीट ट्रीटमेंटमध्ये तांबं आणि मॅग्नेशियम अ‍ॅल्युमिनियममधून अतिसूक्ष्म कणांच्या रूपानं बाहेर पडतात. धातू वाकायचा तर अणूंचे थर एकमेकांवरून घसरावे लागतात; हे कण ती घसरण अडवतात. अशा मिश्रधातूला ठेवल्या ठेवल्या बळकटी येते, हे जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांच्या १९०६ मध्ये लक्षात आलं. त्यामागची सूक्ष्म रचना गिनिए आणि प्रेस्टन यांनी १९३८ मध्ये क्ष-किरणांनी टिपली.

उष्णता ही बळकटी हळूहळू खाते. लहान कणाचं पृष्ठ त्याच्या आकारमानाच्या मानानं मोठं असतं, म्हणून त्याच्यावरचे अणू चटकन सुटतात आणि मोठ्या कणावर जाऊन बसतात. लहान कण विरघळतात, मोठे फुगतात. एकूण ऐवज जवळपास तेवढाच राहतो, पण कणांची संख्या घटते, मधलं अंतर वाढतं आणि धातू मऊ पडतो. फ्रीजरमध्ये बरेच दिवस पडलेलं आइस्क्रीम खरखरीत होतं, त्यातही हेच घडतं. या क्रियेला विल्हेल्म ओस्टवाल्ड यांचं नाव मिळालं.

तिला गणिताची चौकट १९६१ मध्ये मिळाली. सोव्हिएत संघात लिफ्शित्झ आणि स्ल्योझोव्ह यांनी, तर जर्मनीत कार्ल वाग्नर यांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की सरासरी त्रिज्येचा घन काळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे सुरुवातीचा आकार नगण्य धरला, तर कण दुप्पट व्हायला आठपट वेळ लागतो. काळापेक्षा तापमानाची मात्रा जालीम. २५० वरून ३०० अंशांवर गेलं की अ‍ॅल्युमिनियममध्ये तांब्याच्या अणूंचं सरकणं सुमारे १५ पटींनी वाढतं.

या सिद्धांतात कण गोल आणि एकमेकांपासून फार दूर मानले होते. पिस्टनमधले तांब्याचे कण चकत्यांसारखे असतात, भोवतालच्या स्फटिकाला ताण देतात आणि तापल्यावर रचनाही बदलतात. म्हणून आता संगणकावर धातूचा छोटा तुकडा मांडून, कान आणि हिलिअर्ड यांच्या १९५८ च्या कल्पनेवर उभारलेल्या समीकरणांनी कणांच्या सीमा पायरीपायरीनं सरकवल्या जातात. पण गणित कितीही चोख असलं, तरी कणाच्या पृष्ठाची ऊर्जा आणि अणूंच्या सरकण्याचा वेग हे आकडे चुकले की उत्तर चुकलंच. ते प्रत्यक्ष मोजणीवर ताडून घ्यावे लागतात.

मोजणीची एक नामी रीत इंजिन बनवणाऱ्यांकडे आहे. चाचणीनंतर पिस्टन उतरवून कापायचा आणि माथ्यापासून खाली जागोजागी हार्डनेस घ्यायचा. त्याच मिश्रधातूचे नमुने आधी वेगवेगळ्या तापमानाला, ठरावीक तास भट्टीत ठेवून आलेख काढलेला असतो. जिथे जितकी हार्डनेसची घट, तिथे तितकं तापमान. पिस्टन स्वतःच तापमापक ठरतो.

निकेल घालण्याचं कारणही इथेच उमगतं. ते अ‍ॅल्युमिनियममध्ये जेमतेम विरघळतं, त्यामुळे त्याचे कण उष्णतेतही तग धरतात. जेट इंजिनाच्या पात्यांमध्ये निकेलच मुख्य धातू असतो. त्यातले निकेल-अ‍ॅल्युमिनियमचे कण भोवतालच्या स्फटिकाशी इतके जुळलेले असतात, की ते फार सावकाश वाढतात. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेनं हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी बनवलेली एकस्फटिकी पाती याच जातीची. त्यातली ६० पाती एचएएलला दिल्याचं डीआरडीओनं २०२१ मध्ये जाहीर केलं.

कोल्हापूरच्या उद्योगाला यासाठी महासंगणक लागणार नाही. एक भट्टी, हार्डनेस मशिन आणि चिकाटी पुरे. माल पाठवतानाचा हार्डनेस नोंदवतोच. कामाच्या तापमानाला शंभर तास ठेवल्यानंतरचाही नोंदवा. गिऱ्हाईक पिस्टन वापरतं ते तापल्यावर, थंड असताना नव्हे.