डीव्हीडीचा प्रदेश-संकेतांक : संगणकातील ड्राइव्ह, प्रत काढणारी आज्ञावली आणि महाविद्यालयीन ग्रंथालय

प्रास्ताविक

भाषा, नाट्य व चित्रपट यांच्या अध्यापनासाठी जमविलेल्या डीव्हीडी तबकड्या आजही महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संग्रहात आढळतात. रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक कुटुंबांचा आखाती देशांशी नोकरीनिमित्त जुना संबंध आहे. काहींचे आप्त अमेरिकेत आहेत. त्यांच्यामार्फत आलेली अस्सल, निर्दोष तबकडीही येथील संगणकावर चालेलच असे नाही. त्यामागील कारणांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकेतांकाचे स्वरूप

चित्रपट निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या वेळी व किमतीस विकता यावेत, यासाठी जगाची सहा प्रदेशांत विभागणी करण्यात आली. अमेरिका व कॅनडा पहिल्या, तर युरोप, जपान व आखाती देश दुसऱ्या प्रदेशात येतात; भारत पाचव्या प्रदेशात आहे. म्हणजे दुबईहून आलेली तबकडी दुसऱ्या आणि न्यूयॉर्कहून आलेली पहिल्या प्रदेशाची असू शकते. तबकडीच्या वेष्टनावर पृथ्वीगोलाच्या चिन्हात हा क्रमांक छापलेला असतो. सर्व प्रदेशांसाठी खुल्या असलेल्या आणि घरी ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या तबकड्यांना हे बंधन नसते.

ड्राइव्हमधील बंधन

आरंभीच्या ड्राइव्हमध्ये प्रदेशाची तपासणी केवळ चित्रपट दाखविणारी आज्ञावली करीत असे. या प्रकारास आरपीसी-१ म्हणतात. सन २००० पासून आरपीसी-२ हा प्रकार अनिवार्य झाला व तपासणी ड्राइव्हच्या अंतर्भागात गेली. अशा ड्राइव्हचा प्रदेश वापरकर्त्यास केवळ पाच वेळा निश्चित करता येतो. पाचवी निवड कायमची ठरते. ही गणना ड्राइव्हच्या स्मृतीत नोंदलेली असल्यामुळे विंडोज नव्याने बसविल्याने अथवा ड्राइव्ह दुसऱ्या संगणकास जोडल्याने ती पूर्ववत होत नाही. पडद्यावरील सूचनेस नकळत होकार देत गेल्यास ड्राइव्ह परक्या प्रदेशास कायमचा बांधला जातो, व संग्रहातील पाचव्या प्रदेशाच्या तबकड्या त्यावर सामान्य आज्ञावलीने पाहता येत नाहीत.

प्रत काढणारी आज्ञावली

प्रदेश-संकेतांक व सीएसएस ही कूटलेखनपद्धती या दोन स्वतंत्र बाबी आहेत; परंतु ड्राइव्हमध्ये त्यांची सांगड घातलेली असते. प्रदेश न जुळल्यास ड्राइव्ह चित्रपटाची कूटकिल्ली देण्याचे नाकारतो. प्रतीतून संकेतांक वगळणारी आज्ञावली असली, तरी मूळ मजकूर उलगडल्याशिवाय तिचा उपयोग नाही. कोऱ्या तबकडीवर हुबेहूब प्रत उतरविण्याचा प्रयत्नही फसतो, कारण किल्ल्यांची जागा तीत लिहिता येत नाही.

सीएसएसची किल्ली अवघी ४० बिटांची असल्याने ही पद्धती दुर्बल होती. १९९९ मध्ये ती भेदणारी ‘डीसीएसएस’ ही आज्ञावली प्रसृत झाली. त्याबद्दल नॉर्वेतील जॉन लेक योहानसेन या तरुणावर खटला भरण्यात आला. २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. पुढील काळातील व्हीएलसीसारख्या आज्ञावली किल्ली गणिताने शोधतात. त्यामुळे काही ड्राइव्हवर परप्रदेशीय तबकडी चालते. काही ड्राइव्ह मात्र कूटबद्ध भाग वाचूच देत नाहीत.

कायद्याची बाजू

भारतीय प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५अ समाविष्ट झाले. अधिकारभंगाच्या हेतूने संरक्षक उपाय भेदल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद त्यात आहे. कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या कारणासाठी मात्र हे कलम आड येत नाही. तथापि, दुसऱ्यास असे साहाय्य करणाऱ्याने त्या व्यक्तीची ओळख व प्रयोजन यांची संपूर्ण नोंद ठेवणे आवश्यक आहे. संस्थेतील शिक्षक, विद्यार्थी, पालक व संस्थेशी संबंधित व्यक्ती यांच्यापुरते चित्रपट दाखविण्यास कलम ५२ मुभा देते. तेव्हा प्रदर्शनाची मुभा व प्रत काढण्याची मुभा यांत गल्लत होऊ नये.

निष्कर्ष

ग्रंथालयाने प्रत्येक तबकडीचा प्रदेश-क्रमांक दाखल-नोंदवहीत लिहावा. एक ड्राइव्ह पाचव्या प्रदेशासाठी व गरजेनुसार दुसरा परदेशी तबकड्यांसाठी राखून त्यावर तशी चिठ्ठी लावावी. प्रदेश बदलण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा. नव्या संगणकांत बहुधा ड्राइव्हच नसतो. अशा वेळी हाताशी असलेला ड्राइव्ह योग्य प्रदेशात सुस्थितीत राखणे, हे तबकडी जपण्याइतकेच महत्त्वाचे आहे.