उल्हास खोऱ्यातील हवेचे ऋतुमान : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर

औद्योगिक नगरांची हवा पावसाळ्यात निर्मळ आणि हिवाळ्यात धुरकट असते, हे निरीक्षण सर्वपरिचित आहे. परंतु त्यावरून धूर सोडणाऱ्यांचा धूर पावसाळ्यात घटतो व हिवाळ्यात वाढतो, असा निष्कर्ष काढणे सयुक्तिक ठरणार नाही. हवेतील प्रदूषकांचे प्रमाण दोन गोष्टींवर अवलंबून असते : हवेत किती द्रव्य सोडले जाते, आणि ते विरविण्याची व वाहून नेण्याची हवेची शक्ती त्या वेळी किती असते. हा भेद ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या परस्परांस लागून असलेल्या नगरांच्या उदाहरणाने चांगला स्पष्ट होतो.

ही तिन्ही नगरे कल्याण-कर्जत लोहमार्गावर, उल्हास नदीच्या खोऱ्यात वसली आहेत. पूर्वेस सह्याद्रीचा कडा आहे; पश्चिमेस व दक्षिणेस मलंगगड, चंदेरी आणि माथेरान यांचे डोंगर आहेत. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी उभारलेल्या कल्याण छावणीस १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथे दाट वस्तीतच लहान कारखाने आहेत. अंबरनाथ व बदलापूर येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींत अनेक रासायनिक कारखाने आहेत. सभोवारच्या खेड्यांत भातशेती होते व वीटभट्ट्या चालतात.

जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे खोऱ्यातील हवा सतत पालटत राहतात. पाऊस धूलिकण खाली आणतो, ओल्या रस्त्यांवरील धूळ उडत नाही, वीटभट्ट्याही बंद असतात. बहुतेक कारखाने मात्र चालूच असतात.

हिवाळ्यात स्थिती उलट होते. निरभ्र रात्री जमीन लवकर थंड पडते, तिच्यालगतची हवा गारठते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. यास तापमानाची विपरीतता म्हणतात. थंड, जड हवा वर चढू शकत नाही. धूर त्या थराखाली कोंडला जातो. दुपारी प्रदूषके १,५०० मीटर उंचीपर्यंत मिसळत होती व पहाटे ती १५० मीटरांतच अडकली, असे क्षणभर मानू. वाऱ्याचा वेग तोच राहिला, तरी तेवढ्याच धुराची तीव्रता दसपट होईल. प्रत्यक्षात पहाटे वाराही मंदावतो. शिवाय रात्रीचे मतलई वारे आणि नदीच्या उताराने सरकणारी थंड हवा बदलापूर-अंबरनाथकडील द्रव्ये उल्हासनगरकडे नेऊ शकतात. दुपारचे खारे वारे हा प्रवाह पालटतात.

उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीमुळे मिश्रण खोलवर होते. पण त्याच सुमारास रस्त्यांची धूळ वाढते आणि खेड्यांत भाताच्या रोपांसाठी राब भाजले जातात. हा धूर अल्पकालीन व स्थानिक असतो.

नेदरलँड्समधील शेतीप्रधान गावांशी तुलना येथे उद्बोधक ठरेल. तेथे वसंत ऋतूत शेतांत जनावरांचे द्रवरूप खत पसरतात. त्यातील अमोनिया नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून झालेल्या आम्लाशी संयोग पावतो व सूक्ष्मकण निर्माण होतात. ही वाढ मुख्यत्वे उगमाची होय. उल्हास खोऱ्यातील हिवाळी वाढीत हवेच्या शक्तीचा ऱ्हास अधिक महत्त्वाचा आहे.

या विवेचनाचा मापनाशी निकटचा संबंध आहे. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमांपेक्षा अधिक नसावी. समजा, पावसाळ्याच्या चार महिन्यांची सरासरी ३० व उरलेल्या आठ महिन्यांची ७५ आहे. वार्षिक सरासरी बरोबर ६० येईल. कागदोपत्री मानक पाळले जाईल, पण रहिवासी आठ महिने त्याहून वाईट हवेत श्वास घेतील. पावसाचे श्रेय अशा रीतीने नियंत्रणाच्या खात्यावर जमा होते.

सरासरीप्रमाणेच नगरांच्या सीमाही फसव्या आहेत. जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या मूळ यादीत उल्हासनगर व बदलापूर होते; त्यांच्या मधले अंबरनाथ नव्हते. खोऱ्याची हवा मात्र एकच आहे. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरात वालधुनीच्या पात्रात टाकलेल्या रासायनिक द्रव्यातून निघालेल्या वायूने शेकडो रहिवाशांना बाधा झाली होती. अशी द्रव्ये कोणत्याही ऋतूत घातकच. परंतु कोंडलेल्या हवेच्या काळात त्यांचा धोका अधिक वाढतो.

तात्पर्य, तिन्ही नगरांचे निरीक्षण एकत्रितपणे, ऋतुवार आणि तासवार व्हावयास हवे. कारखान्यांची वा भट्ट्यांची सुधारणा झाली की नाही, हे ठरविण्यासाठी एका जानेवारीची तुलना जुलैशी न करता, हवामानाचा फरक लक्षात घेऊन, दुसऱ्या जानेवारीशीच केली पाहिजे.