ठराव झाला, पावडर मात्र अडली

जुलै २०१८ मधली गोष्ट. एका सकाळी माझ्या दवाखान्यात गॅस्ट्रोचे अकरा रुग्ण आले, सगळे एकाच आळीतले. दुसऱ्या दिवशी सलाईन लावायला खाटा पुरेनात, बाकांवर माणसे झोपवली. एका आजीबाईंची लघवी बंद झाल्याने त्यांना जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवावे लागले.

नळाच्या पाण्याची ओटी चाचणी करून पाहिली. पिवळा रंग येईना. म्हणजे पाण्यात क्लोरीन नाही. टाकीवरची टीसीएल, आपण जिला ब्लीचिंग पावडर म्हणतो, ती संपत आली होती आणि उरलेली पोती दमट झालेली.

नगरपालिकेने तातडीची सभा घेतली. वर्षभराची पावडर निविदेशिवाय गावातल्या नेहमीच्या व्यापाऱ्याकडून घ्यावी, असा ठराव झाला. गावच्या दुकानदाराला प्राधान्य द्यायचे, हा पालिकेचा जुनाच नियम. मुख्याधिकाऱ्यांनी हरकत घेतली आणि जिल्हाधिकाऱ्यांनी कलम ३०८ खाली ठरावाला स्थगिती दिली. मी तावातावाने मुख्याधिकाऱ्यांकडे गेलो. "माणसे मेल्यावर निविदा उघडणार का साहेब?" असे बोलूनही गेलो.

त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "डॉक्टर, नगरपालिका जन्मली तीच राज्याच्या १९६५ च्या अधिनियमातून. तिचा ठराव त्या कायद्याविरुद्ध गेला तर टिकत नाही, मग सभेत सगळ्यांनी हात वर केलेले असोत." संविधानाच्या राज्यसूचीत पाचवी नोंद स्थानिक संस्थांची आणि लगेच सहावी सार्वजनिक आरोग्याची, हे मला त्या दिवशी कळले. एमबीबीएसला हे कोणी शिकवत नाही!

पण खरी गोष्ट पुढेच होती. त्याच अधिनियमात कलम ५८(२) आहे. लोकांच्या जिवाला धोका असेल तर नगराध्यक्ष सभेच्या मंजुरीची वाट न पाहता काम करवून घेऊ शकतात. पुढच्या सभेला मात्र कळवावे लागते. साथीपुरती थोडी पोती दरपत्रके मागवून घेता आली असती. मोठ्या खरेदीचे तुकडे पाडून निविदा चुकवायची मात्र नाही. ही वाट कोणीच सुचवली नव्हती. सगळ्यांचा डोळा वर्षाच्या मालावर.

आणि ती जुनी पोती? तीही आदल्या वर्षी अशीच, तपासणीची अट न घालता घेतलेली. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असते. दमट हवेत, उघड्या पोत्यात ते उडून जाते आणि उरतो नुसता चुना. प्रयोगशाळेचा अहवाल आला, पावडर वापरण्यालायक नाही. माझा राग तिथे जरा निवळला, पण पुरता नाही. वाया गेलेले दिवस आजीबाईंना महाग पडले होते.

साथीच्या दिवसांत पाणी चांगले उकळू द्या आणि जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्या, सलाईनची वाट पाहू नका. नळाच्या पाण्याची ओटी चाचणी पालिकेकडे मागा. दोन मिनिटांचे काम आहे.

पाचव्या दिवशी दरपत्रकांवर वीस पोती आली. संध्याकाळी माझ्या नळाच्या पाण्याला पिवळा रंग चढला. वर्षाची निविदा सप्टेंबरात उघडली. नेहमीच्या व्यापाऱ्यानेही ती भरली होती, पण क्लोरीनचा दाखला जोडला नव्हता.